परकीय अर्थसाहाय्य आणि गावाची रोजकीर्द

(नांदेड व लातूर जिल्ह्यांतील पंचायत सदस्य, शिक्षक आणि महिला मंडळांचे कार्यकर्ते यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



बाहेरच्या देशांतून विकासकार्यासाठी पैसा येतो असे आपण ऐकतो, तो आमच्या गावापर्यंत कसा यावा, हा प्रश्न मला या भागात वारंवार विचारला जातो. प्रश्न रास्त आहे. तथापि त्याचे उत्तर देण्यापूर्वी मी विचारणाऱ्यास एक उलट प्रश्न करीत असतो : आपल्या मंडळाची गेल्या वर्षाची रोजकीर्द लिहिलेली आहे काय? पुष्कळदा येथे संभाषण थांबते. आज ते थांबू नये, एवढ्यासाठी हे दोन शब्द.

परकीय साहाय्याचा सर्वांत मोठा अनुभव आपल्याच मातीत झालेला आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावे भूकंपाने जमीनदोस्त झाली. सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर जागतिक बँकेच्या कर्जसाहाय्याने राज्य शासनाने भूकंप पुनर्वसन कार्यक्रम हाती घेतला. त्यात दोन प्रकारची कामे झाली आणि त्या दोहोंतील फरक आपण लक्षात घेण्याजोगा आहे. अतिशय हानी झालेली ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. देशभरातील दानशूर संस्थांनी त्यांतील अनेक गावे दत्तक घेतली आणि घरे बांधून दिली. घरे भक्कम होती, परंतु शहरी वसाहतीसारख्या सरळ आखणीमुळे जुनी आळी तुटली, शेजार दुरावला, गोठ्याला आणि चुलीला जागा पुरेना. ज्यांना त्या घरांत राहावयाचे होते, त्यांना विचारण्याइतकी सवड कोणापाशी नव्हती. त्या घाईचा दोष मी देत नाही. उघड्यावर पडलेल्या माणसाला प्रथम छप्पर हवे असते.

ज्या गावांत घरे पूर्णपणे पडली नव्हती, तेथे मात्र निराळी रीत अवलंबिली गेली. सुमारे दोन लाख घरांची दुरुस्ती व मजबुतीकरण घरमालकाने स्वतः करावयाचे होते, आणि रक्कम त्याच्या खात्यात हप्त्याहप्त्याने जमा होणार होती. अशा वेळी अभियंत्याचे म्हणणे घरधन्याला आणि घरधन्याची अडचण अभियंत्याला कोणी समजावून सांगावी? हे काम लातूर व तत्कालीन उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यांत महिला मंडळांकडे सोपविण्यात आले. कै. प्रेमा गोपालन यांच्या 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेच्या मार्गदर्शनाखाली गावोगावच्या स्त्रिया 'संवाद साहाय्यक' झाल्या. ज्या स्त्रिया चावडीची पायरी चढत नव्हत्या, त्या कोपऱ्यात लोखंडी सळई बसली की नाही, सिमेंटचे पोते कोठे गेले, दुसरा हप्ता का अडला, हे विचारू लागल्या. कार्यक्रम संपला, पैसा आटला, तरी यांपैकी अनेक मंडळे मोडली नाहीत. त्यांनी बचतीचे गट उभे केले. बाहेरचा पैसा गावात काय ठेवून जातो, हे पाहावयाचे असेल तर भिंतींइतकेच या मंडळांकडे पाहावे, असे माझे मत झाले आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. परकीय पैसा गावात येण्याच्या वाटा भिन्न आहेत आणि त्यांची गल्लत झाल्यामुळे पुष्कळ श्रम वाया जातात.

जागतिक बँकेला गावातून अर्ज करता येत नाही. तो पैसा केंद्र शासनामार्फत राज्याच्या प्रकल्पात येतो आणि प्रकल्पाच्या नियमांप्रमाणे गावाला मिळतो. २००३ मध्ये मंजूर झालेला 'जलस्वराज्य' प्रकल्प आठवा. त्यात पाणीपुरवठा योजनेच्या भांडवली खर्चाचा दहा टक्के वाटा गावाने उचलावयाचा होता. आदिवासी वस्त्यांसाठी तो पाच टक्के होता. योजना कोणती घ्यावी हे ग्रामसभेने ठरवावयाचे आणि खर्च गावच्या समितीने करावयाचा. २०१८ मध्ये सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पातही आपल्या दोन्ही जिल्ह्यांतील गावे आली, आणि तेथेही ग्राम समितीचे सूक्ष्म नियोजन हाच पाया होता. या वाटेने जाणाऱ्या गावाला दिल्ली गाठावी लागत नाही. ग्रामसभेचे इतिवृत्त नीट असावे लागते, एवढेच. हे 'एवढेच' किती अवघड आहे, ते येथे बसलेले ग्रामसेवक जाणतात.

दुसरी वाट शिखर संस्थांची. नाबार्ड आणि जर्मनी यांच्या सहकार्याने चाललेला इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम हे तिचे उत्तम उदाहरण. फादर हर्मन बाखर या स्विस धर्मगुरूंच्या प्रेरणेने अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्याच्या परिसरात तो रुजला. गावाने आधी श्रमदान करून दाखवावे, चराईबंदी व कुऱ्हाडबंदी पाळावी, ग्रामसभेने समिती नेमावी, आणि मग मोठ्या कामाला निधी मिळावा, असा त्याचा क्रम होता. कित्येकांना ही अट जाचक वाटली. परंतु माथ्यावरचे गवत राखू न शकणारे गाव पायथ्याचा बांध राखील, यावर देणाऱ्याने विश्वास का ठेवावा?

तिसरी वाट संस्थेने थेट परकीय देणगी मिळविण्याची. परदेशी प्रतिष्ठाने, धर्मादाय संस्था, वकिलातींच्या लहान अनुदान योजना यांत मोडतात. उदाहरणार्थ, जपान सरकारची तळागाळातील कामांसाठी अनुदान योजना आहे. ती मुख्यत्वे इमारत, उपकरणे, वाहन अशा वस्तुरूप कामांसाठी असते. पगार व चालू खर्च तीतून भागत नाही. जागतिक पर्यावरण सुविधेचा लघु अनुदान कार्यक्रम संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमामार्फत चालतो आणि तो लहान गटांसाठीच आहे.

या तिसऱ्या वाटेवर कायद्याचे दार आहे. परकीय योगदान विनियमनाचा पहिला कायदा १९७६ चा. सध्याचा २०१० चा असून २०२० मध्ये त्यात महत्त्वाची दुरुस्ती झाली. संस्था रीतसर नोंदलेली असावी लागते. आपल्या राज्यात हे काम धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात होते. केवळ बचत गट म्हणून चालत नाही. या कायद्याखाली नोंदणी हवी असल्यास संस्थेने किमान तीन वर्षे काम केलेले असावे आणि त्या तीन आर्थिक वर्षांत आपल्या उद्दिष्टांवर किमान १५ लाख रुपये खर्च केलेले असावेत, असा नियम २०२० मध्ये झाला. ज्यांची ऐपत तेवढी नाही त्यांना विशिष्ट देणगीदार, विशिष्ट रक्कम व विशिष्ट काम यांपुरती पूर्वपरवानगी मागता येते. त्यासाठी देणगीदाराचे वचनपत्र जोडावे लागते. रक्कम प्रथम भारतीय स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील खात्यातच यावी लागते. प्रशासकीय खर्च वीस टक्क्यांपलीकडे करता येत नाही. पूर्वी एखादी मोठी संस्था परकीय निधी घेऊन त्यातील वाटा गावच्या मंडळाकडे वळती करीत असे. २०२० पासून तशी मनाई आहे, आणि आपल्याकडील लहान मंडळांना तिची झळ सर्वांत जास्त लागली, हे मी स्पष्टपणे सांगतो. आता मोठ्या संस्थेने काम स्वतः करावयाचे व मंडळाने त्यात सहभागी व्हावयाचे, असाच मार्ग उरतो.

पंचायत सदस्यांसाठी एक सूचना. २०२० च्या दुरुस्तीने लोकसेवकास परकीय योगदान स्वीकारण्यास मनाई केली आहे, आणि पंचायत सदस्य कायद्याने लोकसेवक मानले जातात. तेव्हा हेतू कितीही चांगला असो, सरपंचांनी स्वतःच्या नावे अशी रक्कम घेऊ नये.

प्रस्तावाविषयी थोडे सांगतो. मी स्वतः लिहिलेला पहिला प्रस्ताव एका गावाच्या 'सर्वांगीण उन्नती'साठी होता. भाषा मोठी अलंकारिक होती. तो परत आला, सोबत चार प्रश्न होते. विहिरी कोणत्या महिन्यात आटतात? पाणी आणण्यास एका घरातील स्त्रीचे किती तास जातात? गाव स्वतः काय घालणार? तुम्ही निघून गेल्यावर पंप बिघडला तर दुरुस्तीचे पैसे कोण देणार? मला एकाचेही उत्तर ठाऊक नव्हते. मग शाळेच्या गुरुजींनी सातवीच्या मुलांना हाताशी धरून घरोघर नोंद केली. तीन आठवड्यांत ती पुरी झाली. त्या नोंदीत निघाले असे की, आम्ही जेथे विंधन विहीर मागितली होती तेथे ती नकोच होती. जुन्या आडाचा गाळ काढल्यास भागणार होते. त्याला परदेशी पैशाची गरज पडली नाही. वर्गणीत काम झाले, आणि त्या कामाचा हिशेब पुढच्या प्रस्तावाला जोडता आला. तो मंजूर झाला.

म्हणून शिक्षकांना माझी विनंती आहे की, ही नोंद आपण करावी. गावात याला आपल्याइतका योग्य माणूस दुसरा नाही. अंदाजपत्रकात दर स्थानिक बाजाराचे धरावेत, श्रमदानाची किंमत निराळी दाखवावी, आणि परगावच्या प्रस्तावाची नक्कल करू नये. किनवटच्या डोंगराळ पाड्याचे दुखणे निराळे, औशाच्या काळ्या रानाचे निराळे. वाचणारा ते ओळखतो.

निधी मिळाल्यावर वार्षिक विवरण आर्थिक वर्ष संपल्यापासून नऊ महिन्यांत केंद्राकडे भरावे लागते, काही रक्कम आली नसली तरीही. नोंदणी पाच वर्षांची असते. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्यापूर्वीच्या सहा महिन्यांच्या आत करावा. ज्या मंडळांना या वाटेने जावयाचे आहे त्यांनी येत्या १ एप्रिलपासून रोजकीर्द, पावतीपुस्तक व इतिवृत्ताची वही सुरू करावी. तीन वर्षांचे हिशेब मागितले जातील, तेव्हा पहिले वर्ष तेथून मोजले जाईल.