पेव, बर्फघर आणि आपला चौक

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त ब्रह्मा घाट येथे दिलेले व्याख्यान)



मी स्थापत्यविशारद नव्हे. केंद्र सरकारच्या फायलींत उमेद घालविलेला एक साधा बी. ए. आहे. तथापि मंडळाच्या नव्या सभागृहाचा आराखडा पाहिल्यापासून मन स्वस्थ नाही, म्हणून हा विषय घेतला.

इराणात इस्फहानच्या परिसरात सफवी राजवटीत कच्च्या विटांचे मनोरे उभारले गेले. आत हजारो कोनाडे, त्यांत कबुतरांची वस्ती. त्यांची विष्ठा गोळा करून खरबुजांच्या मळ्यांना घालीत. मेबोद येथे जुने बर्फघर आहे. अशा बर्फघरांपाशी उंच भिंतीच्या सावलीत उथळ हौद असे. हिवाळ्यात निरभ्र रात्री त्यातले पाणी गोठे आणि तो बर्फ मातीच्या जाड घुमटाखालील खड्ड्यात उन्हाळ्यापर्यंत टिके.

आपल्याकडील याचे भावंड म्हणजे पेव. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवे प्रसिद्ध. तोंड अरुंद, पोट प्रशस्त. तोंड लिंपून टाकले की आतला प्राणवायू सरतो आणि कीड जगत नाही. (म्हणूनच उघडलेल्या पेवात जाणता मनुष्य लगेच उतरत नाही.) मात्र २००५ च्या महापुरात त्यांपैकी पुष्कळ पेवांत पाणी शिरले.

तेव्हा कोणी म्हणेल, आपणही घुमट बांधू, तळघर खणू. तसे मुळीच नव्हे! इराणची हवा कोरडी. काशीचा श्रावण दमट, आणि गंगामाई दरसाल पायऱ्या चढून येते. त्या कारागिरांकडून घ्यायचे ते एवढेच, की बांधण्यापूर्वी त्यांनी आपली माती, ऊन आणि वारा ओळखला होता.

नारायण दीक्षित पाटणकरांनी अठराव्या शतकात हा घाट बांधविला. येथे वसलेल्या आपल्या पूर्वजांनीही ती ओळख करून घेतली होती. जाड भिंती, सावलीची गल्ली, आणि घराच्या मध्यभागी चौक. तापलेली हवा चौकातून वर निघून जाई.

आमच्या घराचा चौक वीस वर्षांपूर्वी मीच स्लॅब घालून झाकला. दोन खोल्या मिळाल्या. आता तेथे भर दुपारी दिवा लावावा लागतो. आईने कधी तक्रार केली नाही. उन्हाळ्यात मात्र ती जिन्याखाली चटई टाकू लागली. शेवटचे दोन उन्हाळे तिने तेथेच काढले.

नव्या आराखड्यात मंडळाचा चौक बुजविलेला आहे आणि खिडक्यांना न उघडणाऱ्या काचा आहेत. त्यावर अद्याप सह्या झालेल्या नाहीत. येत्या बैठकीत मी चौक राखण्याची सूचना मांडणार आहे. त्यापायी पाहुण्यांच्या दोन खोल्या कमी होतील, हेही सांगेन. सभासदांनी, विशेषतः भगिनींनी, अवश्य यावे.