आई दारात बसली आहे

आज दुपारच्या या वेळेला कुणी कांदा निवडत असेल, कुणी धुणं वाळत घालत असेल, कुणी नुकतीच जरा आडवी झाली असेल. हातातलं काम सोडू नका. नुसतं ऐका. आज मी स्वप्नांबद्दल बोलणार आहे.

आपल्याकडं स्वप्नाबद्दल दोन प्रकारची माणसं असतात. एक म्हणतात, "मनी वसे ते स्वप्नी दिसे, सोडून द्या." दुसरी म्हणतात, "पहाटेचं स्वप्न खरं होतं, कुणाला तरी विचारून घ्या." मी दोन्ही करून पाहिलंय. दोन्हींत माझं भलं झालं नाही. तेच आधी सांगते.

माझं माहेर दौंड तालुक्यात, भीमेच्या काठाला. २०२१ च्या एप्रिलमध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, माझी आई गेली. आमच्याकडं केंदूरला तेव्हा कांदा काढणी चालली होती. फोन आला तेव्हा मी वावरात होते. जाता आलं नाही, तोंड बघता आलं नाही. संध्याकाळी घरी आले, अंघोळ केली आणि नेहमीसारख्या भाकरी थापल्या. घरात दहा माणसं जेवणारी. रडायला वेळ कुठला?

पुढं दीडेक वर्षानं स्वप्न पडायला लागलं. आई आमच्या दारात, उंबऱ्याच्या बाहेर बसलेली. मांडीवर तिची कापडी पिशवी. मी आत पीठ मळतेय. मी म्हणते, "आई, आत ये की." ती म्हणते, "तुझं होऊ दे." आणि परातीतलं पीठ काही संपत नाही. एवढंच. पंधरा-वीस दिवसांनी पुन्हा तेच.

आधी मी सोडून दिलं. मग एकीनं सांगितलं, मेलेलं माणूस दारात दिसलं की घरातलं कुणीतरी न्यायला आलेलं असतं. झालं! माझी झोपच उडाली. आमच्या ह्यांना जरा खोकला आला तरी छातीत धस्स व्हायचं. कुणाच्या तरी सांगण्यावरून एका जाणत्याकडं गेले. तो म्हणाला, आत्मा अडकलाय, विधी करावा लागेल, एकवीस हजार लागतील. मी कानातले वेल मोडायला निघाले होते, बायांनो. घरात कुणाला सांगितलंही नव्हतं.

त्याच आठवड्यात बचत गटाची बैठक होती. बैठक संपल्यावर एका काकूंजवळ बोलले. वय सत्तरच्या पुढं, शाळा फार नाही, पण पंढरीची वारी कधी चुकवली नाही. त्यांनी स्वप्नाचा अर्थ सांगितलाच नाही. उलट मलाच विचारलं, "आई मागते काय तुझ्याकडं?"

मी म्हटलं, "काहीच नाही. म्हणते, तुझं होऊ दे."

"मग आत का येत नाही ती?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "मी उठत नाही ना, म्हणून."

आणि मी तिथंच, सतरंजीवर बसून, दीड वर्षाचं रडले.

मैत्रिणींनो, मला त्या दिवशी कळलं ते असं. माझं स्वप्न पुढं काय होणार ते सांगत नव्हतं. माझं मागं काय राहून गेलंय, ते दाखवत होतं. आणि त्याचा अर्थ माझ्याशिवाय दुसऱ्या कुणाला लावता येणार नव्हता.

हे काही मी नवीन सांगत नाही. आपली वारकऱ्यांची भूमी आहे, आपल्या केंदुरात कान्हुराज पाठक महाराजांचं देऊळ आहे. तुकोबांचं देहूही आपल्यापासून फार लांब नाही. तुकोबांना गुरूचा उपदेश कुठं मिळाला? स्वप्नात. माघ शुद्ध दशमी, गुरुवार. बाबाजी चैतन्य स्वप्नात आले, डोक्यावर हात ठेवला, 'राम कृष्ण हरी' हा मंत्र दिला. हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण त्याच अभंगात आणखी एक गोष्ट आहे, तिकडं आपलं लक्ष जात नाही. गुरूंनी जेवायला पावशेर तूप मागितलं, आणि तुकोबांना स्वप्नात त्याचा विसर पडला. एवढा मोठा अनुग्रह झाला, पण तूप द्यायचं राहिलं, हेही त्यांनी लपवलं नाही. स्वप्नातली चुकसुद्धा प्रामाणिकपणे सांगितली.

त्यांचं दुसरं स्वप्नही असंच. नामदेव महाराज पांडुरंगाला घेऊन आले आणि म्हणाले, माझी अभंगांची संख्या पुरी व्हायची राहिली आहे, ती तू पुरी कर. आता हे कुणाला सांगितलं? १६३० च्या सुमाराच्या मोठ्या दुष्काळात ज्याची थोरली बायको अन्नावाचून गेली, मुलगा गेला, व्यापार बुडाला, त्या माणसाला. स्वप्नानं त्याला गुप्तधन दाखवलं नाही. काम दिलं. तुकोबा उठले आणि ते काम करायला लागले. आज आपण गातो ते त्यातूनच आलं.

एका बाईचीही गोष्ट आहे, आणि ती आपल्या जास्त जवळची. संत बहिणाबाई. जळगावच्या बहिणाबाई चौधरी वेगळ्या, बरं का. ह्या सतराव्या शतकातल्या, जन्म १६२८, वेरूळकडच्या देवगावच्या. तिसऱ्या वर्षी लग्न झालं, नवरा तीस वर्षांचा बिजवर. फिरत फिरत ही मंडळी कोल्हापूरला आली. तिथं दानात मिळालेली गाय आणि तिचं वासरू यांच्यावर बहिणाबाईंचा भारी जीव. वासरू त्यांच्या मागं मागं कीर्तनालासुद्धा जायचं. त्यावरून लोक बोलायला लागले, नवऱ्यानं मारलं, बांधून घातलं. पुढं ते वासरू मेलं. बहिणाबाई दुःखानं बेशुद्ध पडून राहिल्या, आणि त्यानंतर स्वप्नात तुकाराम महाराज आले. डोक्यावर हात ठेवला, कानात मंत्र सांगितला.

बघा हं. ब्राह्मणाघरची सून, आणि तिनं तुकोबांना गुरू मानलं. घरात केवढं वादळ झालं असेल! नवरा सोडून जायला निघाला. मग तो आजारी पडला, बहिणाबाईंनी सेवा केली, हळूहळू त्याचंही मन वळलं, आणि सगळं कुटुंब देहूला गेलं. बहिणाबाईंनी संसार टाकला नाही आणि आपला मार्गही सोडला नाही. दोन्ही एकाच अंगावर वागवले. आणि हे सगळं, मार खाल्लेलासुद्धा, स्वतःच्या अभंगांत लिहून ठेवलं. म्हणून तर साडेतीनशे वर्षांनी मी ते तुम्हाला सांगू शकते.

आता जरा परदेशात जाऊ. स्वित्झर्लंडमध्ये कार्ल युंग नावाचे मनाचे मोठे डॉक्टर होऊन गेले, १८७५ ते १९६१. ते म्हणत, माणूस दिवसभर स्वतःच्या एकाच बाजूनं जगतो. कुणी नुसतं कष्टाच्या, कुणी नुसतं रागाच्या, कुणी नुसतं दुसऱ्यांसाठी. जी बाजू मागं पडते ती रात्री स्वप्नात येऊन उभी राहते. तिला ओळखायचं, आत घ्यायचं, आणि असं करत करत अख्खं व्हायचं. निर्दोष व्हायचं असं नाही, अख्खं व्हायचं. तडा गेलेल्या माठाला अख्खा म्हणत नाहीत, पण पोचा आलेलं पातेलं अख्खंच असतं की! तसं.

हे युंग साहेब १९३७-३८ च्या हिवाळ्यात आपल्या देशात आले होते. कोलकात्यात हगवणीनं आजारी पडून दवाखान्यात राहिले. बरे झाल्यावर त्यांना स्वप्न पडलं, पण हिंदुस्थानचं नाही. इंग्लंडकडच्या एका बेटावरचं. त्यांच्याकडच्या जुन्या कथेतला पवित्र प्याला आणायचा आहे, मध्ये गार पाण्याची खाडी, आणि पोहून एकट्यालाच जायचंय. त्यांनी अर्थ लावला: इथं बघितलं ते चांगलंच, पण माझं काम माझ्या माणसांत, माझ्या घरी राहिलंय. एवढा शिकलेला माणूस, पण स्वप्नानं त्यालाही त्याचं घरच दाखवलं.

आणि पहाटेच्या स्वप्नाचं म्हणाल, तर तेही ऐका. झोपेत डोळे पापण्यांखाली भराभर हलतात असा एक टप्पा असतो, तो शास्त्रज्ञांनी १९५३ मध्ये लोकांसमोर मांडला. ठळक स्वप्नं बहुतेक त्याच टप्प्यात पडतात. साधारण दीड तासानं तो पुन्हा पुन्हा येतो आणि पहाटेकडं लांबत जातो. त्यातून आपण उठतो, म्हणून पहाटेचं स्वप्न लक्षात राहतं. लक्षात राहतं म्हणून खरं होणार असं नाही. पण लक्षात राहिलंय, तर त्याच्याशी दोन शब्द बोलायला काय हरकत आहे?

ते कसं, सांगते. उशाशी पोराची जुनी वही आणि पेन्सिल ठेवा. जाग आली की चहाच्या आधणाआधी दोन ओळी लिहा. लिहिता येत नसेल तर मनात घोळवा, मग विश्वासाच्या बाईला सांगा. काय दिसलं ते सांगाच, पण कसं वाटलं ते जरूर सांगा. मग स्वतःला तीन प्रश्न विचारा. स्वप्नात मी काय करत होते? काय करत नव्हते? आणि माझ्या दिवसात असं कुठं होतं? बाजारातल्या स्वप्नफळाच्या पुस्तकात साप म्हणजे अमुक आणि पाणी म्हणजे तमुक असं दिलेलं असतं. पण सर्पमित्राच्या बायकोला दिसलेला साप आणि जिचं लेकरू साप चावून गेलं तिला दिसलेला साप, एक कसा असेल?

एक परीक्षा मात्र कायम लावा. स्वप्नाचा जो अर्थ तुम्हाला घाबरवतो, पैसे मागतो, शेजारणीवर करणीचा संशय घ्यायला लावतो, तो अर्थ स्वप्नाचा नाही, सांगणाऱ्याचा आहे. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. दैवी शक्तीचं नाव सांगून भीती घालणं, लुबाडणं हा गुन्हा आहे. आणि कुणाला मारहाणीची, अत्याचाराची, अपघाताची स्वप्नं सारखी पडत असतील, झोपायची भीती वाटत असेल, तर वहीवर भागवू नका. डॉक्टरांना सांगा. १४४१६ हा सरकारचा टेलिमानस फोन आहे, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं.

माझं पुढं काय झालं? वेल मोडले नाहीत. घरी सगळं सांगितलं. ह्यांनी एवढंच म्हटलं, "अगं, मग जाऊन ये ना. भाकरी आम्ही बघतो." माहेरी चार दिवस राहिले. भाऊ आणि मी पहिल्यांदाच आईबद्दल नीट बोललो. तोही रडला. तिची ती पिशवी खुंटीलाच होती. आत पानाचा बटवा, चष्मा आणि एसटीची दोन जुनी तिकिटं. विशेष काही नव्हतं. पिशवी घेऊन आले.

आई अजून कधीतरी स्वप्नात येते. मागच्या खेपेला मी पिठाच्या हातानं उठले आणि उंबऱ्यापर्यंत गेले. तेवढ्यात जाग आली. पण आता मी घाबरत नाही. सकाळी दोन भाकरी कमी थापल्या तरी चालतात, हे मला कळलंय, आणि घरच्यांनाही.

तुमच्या दारात कोण बसलंय, ते तुम्ही बघा. आत घ्या. पुन्हा भेटूच. नमस्कार.