गेले काय, उरले काय
(गणेशोत्सवानिमित्त साक्कोट्टै येथे केलेल्या भाषणावरून)



समितीने 'बदलाला सामोरे कसे जावे' यावर दोन शब्द बोलायला सांगितले. विषय मला जवळचा आहे. वयाच्या 52 व्या वर्षी माझा विभाग बंद झाला आणि 28 वर्षांची नोकरी एका पत्राने संपली. अशा वेळी लोक म्हणतात, "इतरांची दुःखे बघा, तुमचे काहीच नाही." त्याने दुःख कमी होत नाही, वर लाज वाटते. मला धीर दिला तो आपल्या तंजावरच्या इतिहासाने.

1799 च्या तहाने सरफोजीराजांचे राज्य कंपनीकडे गेले. राजे तेव्हा 22 वर्षांचे. हाती उरला किल्ला, तनखा आणि महसुलाचा हिस्सा. पण त्यांनी सरस्वती महालात ग्रंथ जमवले, 1803 मध्ये बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसल्यांचा इतिहास मराठीत कोरवला, देवनागरी छापखाना काढला, डोळ्यांच्या रोग्यांच्या नोंदी चित्रांसह ठेवल्या. राज्य परत आले नाही. उरलेल्या वेळाचे मात्र सोने झाले.

कोणी म्हणेल, राजांना तनखा होता! खरे आहे. म्हणून मला 1855 अधिक जवळचे वाटते. त्या वर्षी शिवाजीराजे पुत्राविना वारले, पुढे संस्थान खालसा झाले आणि दरबारावर पोट असलेल्यांचा आधार गेला. मोडी लिहिणाऱ्या हाताची किंमत उतरली. त्याच काळात कुंभकोणमच्या मराठी घरात जन्मलेले, इंग्रजी शिकलेले टी. माधवराव 1857 मध्ये त्रावणकोरचे दिवाण झाले. पुढे इंदूर आणि बडोद्याचेही. ज्यांनी नवी विद्या धरली, त्यांना पुढची वाट सापडली.

मी एका कागदावर दोन रकाने आखले. 'गेले' खाली पगार, हुद्दा, मान. 'उरले' खाली हिशेबाचे ज्ञान, तीन भाषा, भविष्य निर्वाह निधी, घरची माणसे. दुसरा रकाना लांब निघाला. आज मी दोन दुकानांचा जमाखर्च लिहितो. मिळकत निम्मी आहे, झोप पूर्ण आहे.

आपल्या भोवतालचा शेतकरी बघा. मेट्टूरचे पाणी 12 जूनला सोडायची रीत आहे. उशीर झाला, तर तो कुरुवैचे पीक सोडतो आणि सांब्याची तयारी करतो. नुकसान होतेच, पण शेत पडीक ठेवत नाही. आपणही ठेवू नये, एवढेच सांगतो.

गणपती बाप्पा मोरया!