अनोळखी माणसाला पैसे पाठवताना

(महिला बचत गटांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आजचा विषय ऐकून काही जणींना प्रश्न पडला असेल, की मोबाइलवरून जुनी वस्तू घेणे हा स्त्रियांच्या संघटनेचा विषय कधीपासून झाला? हुंडा, मारहाण, पोटगी, रेशन यांवर आपण बोलतो. पण मी पुण्यातल्या वस्त्यांमध्ये काम करते, आणि गेल्या काही वर्षांत आमच्या समुपदेशन केंद्रात हा विषय दुसऱ्याच दाराने आत आलेला आहे. बाई येते ती नवऱ्याशी झालेल्या भांडणाची तक्रार घेऊन. बोलता बोलता कळते, की भांडणाला निमित्त झाले ते मोबाइलवरून गेलेल्या पैशांचे.

आपल्यासारख्या घरांत नवी वस्तू क्वचित येते. शिलाई मशीन, मुलीच्या अभ्यासासाठी फोन, मुलाची सायकल, छोटा फ्रीज हे सगळे जुनेच घेतले जाते. पूर्वी ती वस्तू ओळखीतून मिळे, नाहीतर जुन्या बाजारात जाऊन घेतली जाई. मशीन असेल तर बसून, चालवून, टीप कशी पडते ते बघून मगच पैसे देत. आता जाहिरात फोनवर दिसते. विकणारा कोण, कुठला, काही माहीत नसते. आणि वस्तू बघण्याआधी पैसे मागितले जातात.

एका ताईंची गोष्ट सांगते. त्या ब्लाऊज शिवतात. पायमशीनवर काम उरकत नव्हते, म्हणून त्यांना जुने जुकी मशीन हवे होते. त्यांना ९,००० रुपयांची जाहिरात दिसली. बाजारात तसे मशीन बरेच महाग होते. विकणाऱ्याने सांगितले, 'मी सैन्यात आहे, बदली झाली आहे, घाईने विकतो आहे.' ओळखपत्राचा आणि गणवेशातला फोटोही पाठवला. आधी टोकन म्हणून १,००० रुपये मागितले. मग गाडीभाडे १,८५०. मग 'पावती आणि विम्याचे, परत मिळणारे' २,१५०. शेवटी 'गाडी तुमच्या चौकात आली आहे, उरलेले ८,००० पाठवा म्हणजे ड्रायव्हर माल उतरवेल.' एकूण १३,००० रुपये गेले. चौकात गाडी नव्हती.

हे पैसे भिशीचे होते. ताईंनी नऊ दिवस कोणालाही सांगितले नाही. दहाव्या दिवशी घरात कळले. नवऱ्याने हात उगारला आणि फोन काढून घेतला. त्या फोनवर त्यांच्या गिऱ्हाइकांचे निरोप येत, गटाच्या बैठकीचे निरोप येत, माहेरचा फोन येई. ते सगळे बंद झाले. फसवले एका अनोळखी माणसाने आणि शिक्षा झाली घरात. म्हणून हा आपला विषय आहे.

आता हे घडते कसे, ते नीट समजून घेऊ.

आपण फोनवरून पैसे पाठवतो ती यूपीआयची व्यवस्था २०१६ साली सुरू झाली. एका माणसाने दुसऱ्या माणसाला बँक खात्यातून पैसे पाठवले तर त्यावर शुल्क पडत नाही. ही मोठी सोय आहे. गावाकडे आईला पाचशे रुपये पाठवायला आता कुणाच्या हातापाया पडावे लागत नाही. पण हे पैसे हातात नोट दिल्यासारखे जातात. आपण पिन टाकला की पैसे समोरच्याच्या खात्यात जमा झाले. वस्तू आली का, बरी आली का, हे मधे कोणी विचारत नाही. आईला पाठवताना ते विचारण्याची गरजही नसते. अनोळखी माणसाकडून मशीन घेताना मात्र नेमकी तीच गरज असते.

काही व्यवस्थांमध्ये असे विचारणारे कोणीतरी असते, आणि त्याचे पैसे पडतात. पेपाल नावाच्या कंपनीचे उदाहरण घ्या. परदेशात तिच्यामार्फत दोन तऱ्हांनी पैसे पाठवता येतात. वस्तूची किंमत म्हणून पाठवले तर विकणाऱ्याकडून काही टक्के शुल्क कापले जाते, आणि वस्तू आली नाही तर घेणाऱ्याला दाद मागता येते. मित्र-नातेवाइकांना म्हणून पाठवले तर ते संरक्षण मिळत नाही. त्यामुळे तिथलेही लबाड विक्रेते 'शुल्क वाचेल, मित्र म्हणूनच पाठवा' असा आग्रह धरतात. भारतातल्या भारतात पैसे देण्याची सेवा त्या कंपनीने १ एप्रिल २०२१ पासून बंद केली. आपल्याकडे दुकानात कार्डाने पैसे देतो तेव्हा दुकानदाराला शुल्क पडते, आणि माल मिळाला नाही तर बँकेकडे तक्रार नोंदवण्याची रीत त्या व्यवस्थेत आहे. यूपीआयने अनोळखी माणसाच्या खात्यात थेट पैसे टाकले तर शुल्कही नाही आणि असा राखणदारही नाही.

इथे एक खूण लक्षात ठेवा. खरे शुल्क शून्य आहे. म्हणून पैसे 'मिळवण्यासाठी' किंवा 'परत मिळण्यासाठी' जो शुल्क मागतो, तो खोटे बोलतो. नोंदणी, विमा, जीएसटी, गेटपास, 'परत मिळणारी' अनामत अशी त्याच्याकडे नावे पुष्कळ असतात. एक रक्कम दिली की दुसरी निघते, कारण आधी गेलेले वाचवण्यासाठी बाई पुढचे देते. त्याचा सगळा धंदा त्यावर चालतो.

विकणाऱ्या बाईचीही फसवणूक होते. एकीने बाळाचा जुना पाळणा विकायला काढला. गिऱ्हाइकाने भावही केला नाही. म्हणाला, 'कोड पाठवतो, स्कॅन करा आणि पिन टाका म्हणजे पैसे येतील.' तिने केले, आणि तिच्याच खात्यातून पैसे गेले. पिन पैसे देण्यासाठी असतो. पैसे घेण्यासाठी तो कधीच लागत नाही. आज येथून जाताना तुम्ही एवढे एकच वाक्य पाठ केलेत तरी मला पुष्कळ झाले. व्यक्तीने व्यक्तीकडे पैसे मागण्याची 'कलेक्ट रिक्वेस्ट' नावाची सोय अशा फसवणुकीमुळेच १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद करण्यात आली. पण कोड स्कॅन करायला लावण्याची युक्ती शिल्लक आहेच. तसेच, 'पैसे पाठवले' असा फोटो कोणी दाखवला तर त्यावर वस्तू देऊ नका. आपल्या खात्यातली शिल्लक बघा, मग द्या.

कायदा काय म्हणतो, असे तुम्ही विचाराल. आपला ग्राहक संरक्षण कायदा २०१९ सालचा आहे आणि तो २०२० पासून लागू झाला. ऑनलाइन व्यापाराचे नियमही २०२० मध्येच आले. पण एखाद्या व्यक्तीने आपल्या घरातली वस्तू खाजगीरीत्या विकली, तो तिचा नेहमीचा धंदा नसेल, तर ते नियम तिला लागू नाहीत, असे त्या नियमांतच म्हटले आहे. जुन्या वस्तूंचे बहुतेक व्यवहार नेमके असेच असतात. जाहिरात छापणारी कंपनीही 'आम्ही फक्त मध्यस्थ' म्हणून अंग काढून घेते, आणि माहिती तंत्रज्ञान कायद्यात मध्यस्थांना काही अटींवर तशी सवलत आहे. विक्रेता रीतसर दुकानदार असेल, पावती देत असेल, तर मात्र ग्राहक म्हणून दाद मागता येते. त्यासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, तिचा क्रमांक १९१५.

वस्तू न देता पैसे उकळणे हा मात्र सरळ गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये फसवणुकीला शिक्षा आहे. दुसऱ्याचे सोंग घेऊन फोन किंवा संगणकावरून फसवले तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ड लागते. 'तुम्ही स्वतःच पैसे पाठवलेत, आता आम्ही काय करणार?' असे पोलीस ठाण्यात कोणी म्हणाले, तर ही कलमे सांगा. एकटीने जाऊ नका, गटातल्या दोघी-तिघी मिळून जा.

पण पोलीस ठाण्याच्याही आधी एक फोन करायचा असतो. सायबर फसवणुकीसाठी १९३० हा क्रमांक आहे. तो लावला, की आपली तक्रार बँकांपर्यंत जाते आणि पैसे ज्या खात्यात गेले तिथे ते रोखून धरण्याचा प्रयत्न होतो. चोर पैसे एका खात्यात ठेवत नाही, पुढे दुसऱ्या-तिसऱ्या खात्यात फिरवतो, मग काढून घेतो. म्हणून पहिले काही तास मोलाचे. आमच्याकडे आलेल्या एका मुलीने पैसे गेल्यावर तासाभरात फोन केला, आणि तिच्या रकमेचा बराच भाग वाटेत अडवला गेला. तो लगेच हातात आला नाही. त्यासाठी पोलिसांमार्फत अर्ज करावे लागले, हेलपाटे घालावे लागले. पण पैसे वाचले. नऊ दिवस गप्प राहिलेल्या ताईंच्या बाबतीत अडवायला काही उरलेच नव्हते.

त्याच वेळी आपल्या बँकेलाही कळवा आणि तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या. रिझर्व्ह बँकेने २०१७ साली परिपत्रक काढून सांगितले, की बँकेचाही दोष नाही आणि ग्राहकाचाही नाही अशा परस्पर झालेल्या व्यवहाराची खबर तीन कामकाजाच्या दिवसांत दिली तर ग्राहकावर बोजा नाही. आपण स्वतः पिन टाकून पाठवलेल्या पैशांना हे संरक्षण सहजी मिळत नाही, हे खरे. पण कळवल्यानंतरही खात्यातून पैसे जात राहिले तर ती जबाबदारी बँकेची, हेही त्यातच आहे. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, आणि तिला पैसे पडत नाहीत.

मग जुनी वस्तू घ्यायचीच नाही का? जरूर घ्यायची. मशीन घेतले तर कामाला लागाल, आणि भीतीने कोपऱ्यात बसणे हा काही उपाय नव्हे. फक्त रीत बदलू या. ज्या गावी आपण जाऊ शकत नाही, तिथली वस्तू घ्यायची नाही. बघायला दोघींनी जायचे, दिवसा जायचे, वर्दळीच्या जागी भेटायचे. वस्तू चालवून बघायची आणि ती हातात आल्यावर तिथेच उभे राहून पैसे द्यायचे. टोकन द्यायचे नाही. पैसे पाठवताना पडद्यावर येणारे बँकेतले नाव वाचायचे. बोलणारा एक आणि नाव दुसऱ्याचे असेल तर थांबायचे. साध्या कागदावर वस्तूचे वर्णन, रक्कम, तारीख आणि दोघांच्या सह्या घ्यायच्या. फोन घेत असाल तर मूळ बिल मागा, *#०६# दाबून येणारा पंधरा आकडी क्रमांक बिलाशी ताडून बघा. केंद्र सरकारच्या 'संचार साथी'वर तो क्रमांक टाकला तर फोन काळ्या यादीत आहे का तेही कळते. चोरीचा फोन निघाला तर पैसेही जातात आणि चौकशीही मागे लागते.

शेवटी गटांसाठी काही सुचवते. प्रत्येक गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर १९३० हा क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहा. कुणाला जुनी वस्तू घ्यायची असेल तर तिने बैठकीत सांगावे. बरोबर जायला कोणीतरी निघेलच. आणि कुणी फसली तर 'तू पाठवलेसच कशाला?' हा प्रश्न आपल्यातल्या कोणी विचारू नये. तो प्रश्न घरी विचारला जाईल या भीतीने बाया गप्प राहतात, आणि तेवढ्या वेळात पैसे दूर निघून जातात. शिकलेले, नोकरदार पुरुषही या जाळ्यात सापडतात, पण त्यांचा फोन कोणी काढून घेत नाही.

त्या ताईंचा फोन परत मिळावा म्हणून आम्ही तीनदा घरी गेलो. गटातल्या बायकाही आल्या. फोन मिळाला. १३,००० रुपये मिळाले नाहीत. गटाने त्यांना मशीनसाठी कर्ज दिले आणि दोघी जणी बरोबर जाऊन, चालवून बघून मशीन घेऊन आल्या. हप्ते अजून चालू आहेत.