परदेशी शिकायला जाण्याआधी

(वसतिगृहातील विद्यार्थी, पालक व मंडळीच्या सभासदांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



आपल्या वसतिगृहातून बारावी झालेली एक मुलगी आज पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. पुढे परदेशी जाऊन सार्वजनिक आरोग्य शिकायचे, असे तिने मनाशी धरले आहे. ती पारधी समाजातली. तिचे आईवडील इथे बसले आहेत. दिवाळी झाली की ते कोयता घेऊन ऊसतोडीला जातील. तिचा बेत कळल्यापासून लोक विचारतात : इतक्या लांब कशाला? पैसा कुठून येणार? पोरीचे काही बरेवाईट झाले तर?

हे प्रश्न आपल्या महाराष्ट्राला नवे नाहीत. आनंदीबाई जोशी यांना ते १८८३ साली विचारले गेले. त्यांचे पती गोपाळराव तेव्हा बंगालात श्रीरामपूरला टपाल खात्यात होते. अठरा वर्षे पुरी व्हायची होती, तरी २४ फेब्रुवारीला आनंदीबाई श्रीरामपूर कॉलेजच्या सभागृहात उभ्या राहिल्या आणि लोकांचे आक्षेप एकेक घेऊन त्यांनी उत्तरे दिली. चौदाव्या वर्षी त्यांचे तान्हे बाळ गेले होते. बायकांवर उपचार करायला बाई डॉक्टर हवी, हे त्यांना कोणी शिकवायला नको होते. कशासाठी जायचे, हे त्यांना पक्के ठाऊक होते. जाणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने आधी हेच आपल्या माणसांसमोर बोलून दाखवावे.

या गोष्टीत आपण ख्रिस्ती लोकांनी लक्ष द्यावे असा एक भाग आहे. गोपाळरावांनी मदतीसाठी अमेरिकन मिशनऱ्यांना पत्रे लिहिली होती. रेव्ह. वाइल्डर यांनी ती आपल्या मासिकात छापली. पण मदत हवी तर या दांपत्याने ख्रिस्ती व्हावे, अशी अपेक्षा त्यात होती. न्यू जर्सीतल्या मिसेस कार्पेंटर यांनी ते मासिक दातांच्या दवाखान्यात बसल्या बसल्या वाचले. त्यांनी कसलीही अट घातली नाही. पत्र लिहिले आणि घराचे दार उघडले. आनंदीबाई त्यांना मावशी मानत. बंधुभगिनींनो, आपण देणगी देतो तेव्हा वाइल्डर होतो की कार्पेंटर, हे प्रत्येकाने आपल्या मनाला विचारावे.

आनंदीबाई ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या. त्या समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. पण तिथली थंडी आणि आहाराचे हाल यांनी प्रकृती ढासळली, क्षय जडला. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्या गेल्या. वय अवघे एकवीस. म्हणून सांगतो, विमानतळावर हार घालून आपले काम संपत नाही. गरम कपडे, पोटभर जेवण, आजारपणात हाक मारावी असे एखादे घर, आणि दर आठवड्याला गावाकडून फोन, याची सोय जाण्याआधीच झाली पाहिजे.

आता पैशाचे. केंद्र सरकार अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांना परदेशी उच्च शिक्षणासाठी दरवर्षी देशभरातून २० शिष्यवृत्त्या देते. आपल्या राज्याच्या आदिवासी विकास विभागाचीही योजना आहे. पण आपल्या मुलांचे घोडे पैशाच्या आधी कागदावर अडते. जातीच्या दाखल्यासाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागतात. पाल टाकून फिरणाऱ्या कुटुंबाकडे ना सातबारा, ना जन्माची नोंद. शिवाय बीड तेव्हा हैदराबाद राज्यात होते, त्यामुळे जुने कागद सापडले तरी कित्येकदा उर्दूत असतात. पुढे पासपोर्टसाठी पोलीस पडताळणी. ज्या समाजावर १८७१ च्या कायद्याने जन्मतः गुन्हेगार असा शिक्का बसला, तो कायदा १९५२ ला गेला तरी त्या समाजातल्या बापाला आजही पोलीस ठाण्याची पायरी चढताना घाम फुटतो. त्याच्यासोबत कोणीतरी गेले पाहिजे.

म्हणून माझी मागणी मोठी नाही. मंडळीत निवृत्त तलाठी, शिक्षक, कारकून आहेत. त्यांनी महिन्यातले दोन दिवस कागदपत्रांसाठी द्यावेत. उर्दू वाचणारा शेजारी असेल तर त्याला विनंती करावी. कोणाचे नातलग परदेशी असतील तर त्यांचा पत्ता आम्हाला कळवावा. मुलांनो, तुम्ही दहावीपासूनच आपले दाखले गोळा करा आणि रोज थोडे इंग्रजी बोला. भाषेची परीक्षा कोणाला चुकलेली नाही.

आणि ती परत येईल का? आनंदीबाई आजारी असतानाही परत आल्या. आपली मुलगी काय करील, ते तिचे ती ठरवील. तिच्यासाठी प्रार्थना करताना आपण तिला शपथेत बांधू नये. ज्या घराने तिला विश्वासाने पाठवले, ते घर तिला आठवेल.

देव तिचे जाणे-येणे राखो. आमेन.