आधी उपग्रहांचं पान



पावसाळा लागला की सह्याद्रीत भटकणाऱ्यांच्या सॅकच्या पट्ट्याला हातात धरायचं जीपीएस यंत्र लटकलेलं दिसतं. खिशात मोबाइल असूनही ते नेतात, आणि योग्यच करतात. पाऊस सोसणारं, साध्या सेलवर चालणारं यंत्र आहे ते. ते चालू कसं करायचं, जागेची खूण, म्हणजे वेपॉइंट, कसा टिपायचा, हे तुम्हाला ठाऊकच आहे. मला एकच सांगायचंय. नकाशाचं पान उघडण्याआधी उपग्रहांचं पान बघा.

यंत्र चालू झालं रे झालं की सगळे थेट नकाशावर जातात. बाण दिसला की निघाले! अहो, पण तो बाण कशाच्या जोरावर तिथं उभा आहे? आठवडी बाजारात भेंडी घेताना तराजूचा काटा मध्यावर आहे ना, हे आपण आधी बघतो. पारडं हिंदकळत असेल तर ते थांबेपर्यंत थांबतो. वजन किती भरलं, हे त्यानंतर. उपग्रहांचं पान म्हणजे तो काटा, आणि नकाशावरचा बाण म्हणजे वजन. काटा न बघता वजन मान्य करणारं गिऱ्हाईक तुम्ही बाजारात नसता, मग डोंगरात का होता?

त्या पानावर दोन वर्तुळं असतात. बाहेरचं म्हणजे क्षितिज, मधला बिंदू म्हणजे तुमच्या थेट डोक्यावरचं आभाळ. खाली पट्ट्या असतात. पोकळ पट्टी म्हणजे उपग्रह ऐकू येतोय, पण त्याच्या कक्षेची माहिती अजून यंत्राच्या हाती आलेली नाही. ती माहिती उपग्रह दर ३० सेकंदांनी पुन्हा सांगतो, म्हणून उघड्यावर जरा धीर धरला की पट्ट्या भरतात. उंचीसकट जागा सांगायला निदान ४ उपग्रह लागतात. पण ते चारही आभाळाच्या एकाच कोपऱ्यात दाटले असतील, तर हिशेब कच्चा राहतो.

सांदण दरीत हे हमखास घडतं. दोन्ही बाजूंना सरळसोट कातळ, वर आभाळाची नुसती चिंधी. त्यात संदेश कातळावर आपटून वळसा घेऊन येतो, यंत्राला वाटतं उपग्रह आणखी लांब आहे, आणि तुमची जागा सरकते. बाण मात्र पडद्यावर दिमाखात उभाच! म्हणून त्याच पानावरचा अचूकतेचा आकडा वाचा. ५ मीटर आहे की ५०? हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याच्या काठावर, दाट धुक्यात, ५० मीटर म्हणजे काय, हे मी सांगायला हवं का? आणि तो आकडासुद्धा यंत्राचा अंदाजच असतो, हे विसरू नका.

२ मे २००० पर्यंत अमेरिका जीपीएसच्या नागरी वापराच्या संदेशात मुद्दाम चूक मिसळत असे. जागा १०० मीटरपर्यंत हुकायची. तेव्हाची माणसं यंत्रावर डोळे मिटून विसंबत नव्हती. चूक काढून टाकली हे उत्तमच झालं, पण तो सावधपणा कशाला टाकायचा?

होकायंत्राच्या पानाचंही तसंच. तिथली सुई सरळ रेषेत बोट दाखवते. हरिश्चंद्रगडाच्या माथ्यावरून पायथ्याच्या बेलपाड्याचा वेपॉइंट निवडलात, तर ती कोकणकड्यावरून खाली बोट दाखवेल. मध्ये कडा आहे हे तिला कळत नाही. 

तेव्हा पुन्हा सांगतो. गडाच्या पायथ्याला, पाचनईला किंवा खिरेश्वरला, गाडीतून उतरलात की घराच्या पागोळीखाली नको, उघड्या आभाळाखाली उभे राहा. पट्ट्या भरू द्या, आकडा खाली येऊ द्या, आणि मगच पायथ्याचा वेपॉइंट टिपा. संध्याकाळी अंधारात तुम्ही त्याच बिंदूकडे परत येणार आहात. सेलची एक जास्तीची जोडी बरोबर असू द्या.