चौथा वाटा



सिगालोवाद सुत्तात तथागतांनी गृहस्थाला मिळकतीचे चार वाटे करायला सांगितले : एक उपभोगासाठी, दोन कामधंद्यासाठी आणि चौथा अडीअडचणीसाठी. १९८२ साली मुंबईत गिरण्यांचा संप झाला, २०२० साली टाळेबंदी आली. दोन्ही वेळी अनेकांचे पगार थांबले. पोटाची भूक थांबली नाही. चौथा वाटा होता ती घरे तरली. नव्हता त्यांना सावकाराचे दार गाठावे लागले.

आम्ही बँकेत बसणारी माणसे आकड्यांशी बोलतो. शेकडा ५ रुपये महिना हे व्याज ऐकायला थोडे वाटते; पण १०,००० रुपयांवर वर्षाला ६,००० रुपये भरूनही मुद्दल तसेच उभे राहते! मोबाईलवर मिळणारे झटपट कर्जही घेण्याआधी असेच वर्षाच्या हिशेबाने तपासावे.

म्हणून पगार हाती येताच आधी चौथा वाटा आवर्ती ठेवीत टाकू, उरलेल्यात घर चालवू. एवढे जमत नसेल तर १०० रुपयांपासून सुरुवात करू. लग्नाच्या मांडवाआधी मुलांची फी भरू. विद्यार्थ्यांनीही शिष्यवृत्तीचा खर्च वहीत मांडावा.

बाबासाहेबांनी १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहून देशाच्या चलनाची चिकित्सा केली. त्यांच्या अनुयायांच्या घरात साधी जमाखर्चाची वही नसावी, हे आपल्याला शोभत नाही. आजच ती वही उघडू या.

नमो बुद्धाय! जयभीम!